आकृतीमागील गती

चि. बाळ यास,


पत्र पावले. पेशीतील ॲक्टिनच्या तंतूंची आकृती अचूक काढता येते, परंतु ते तंतू पेशीला पुढे कसे ढकलतात हे उमगत नाही, असे तू लिहितोस. पुस्तकातील आकृती एका क्षणाची असते, आणि ॲक्टिनचे सारे कर्तृत्व त्याच्या घडण्या-मोडण्याच्या वेगात आहे, हे ध्यानी घेतल्यास तुझी अडचण बरीचशी दूर होईल.

१९४२ साली हंगेरीतील सेगेद येथे, आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत, ब्रूनो स्ट्राउब यांनी ॲक्टिन हे प्रथिन स्नायूंतून वेगळे केले. त्याच्या द्रावणात क्षार मिसळले की सुटे गोलाकार रेणू जुळून त्यांचे लांब तंतू होतात. प्रारंभी दोन रेणू जुळतात नि लगेच विलग होतात. तीन एकत्र टिकले म्हणजे मात्र त्या बीजावर पुढील रेणू झपाट्याने चढू लागतात. तंतूची दोन टोके समान नव्हेत: एक शीघ्र वाढते, दुसरे मंद. एटीपी हे ऊर्जाद्रव्य धारण केलेले नवे रेणू मुख्यत्वे शीघ्र टोकाला लागतात, कालांतराने त्या एटीपीचे एडीपी होते, बंध सैलावतात, आणि मंद टोकाकडून जुने रेणू गळत जातात. अशा रीतीने जमा आणि खर्च यांचा मेळ बसला की तंतूची लांबी कायम राहते, आतील रेणू मात्र सतत पालटत असतात.

हा व्यवहार पेशी आपल्या हुकमतीत ठेवते. प्रोफिलिन नव्या रेणूंना शीघ्र टोकाकडे पोहोचवते, कोफिलिन जुन्या तंतूंचे तुकडे करते, आणि आर्प २/३ हा प्रथिनसंघ आधीपासूनच्या तंतूवर सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी शाखा रुजवतो. अशा असंख्य शाखांची वाढती टोके पेशीच्या पटलाला रेटतात, म्हणून पेशीची कड पुढे सरते. हा रेटा निव्वळ जुळणीतून उपजतो की तंतू ओढणाऱ्या मायोसिन या प्रथिनामुळे, अशी शंका येईल, तर लिस्टेरिया या जीवाणूकडे पाहा: तो यजमान पेशीचेच ॲक्टिन आपल्या पाठीमागे जुळवून धावतो, आणि १९९९ साली मोजक्या शुद्ध प्रथिनांच्या मिश्रणात, मायोसिनवाचून, ही धाव घडवून दाखवण्यात आली. याउलट, विषारी अळंब्यातील फॅलॉइडिन तंतूंना मोडूच देत नाही, आणि ते आत सोडले असता सरपटणारी पेशी अडखळते.

सबब कोणतीही आकृती पाठ करण्यापूर्वी काय लागते, काय गळते, कोणत्या वेगाने, आणि त्याची ऊर्जा कोठून येते, हे चार प्रश्न वहीत लिहीत जा. नावे पुस्तकात केव्हाही सापडतील. असे प्रश्न करण्याची सवय मात्र याच वयात लागली पाहिजे.

कळावे,
तुझा काका