शिक्का, भाव आणि वेचणी



मागील रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना चॉकलेट वाटले. परदेशात नोकरीस असलेल्या एका कुटुंबाने ते आणले होते. वेष्टनावर 'फेअरट्रेड' असा शिक्का होता. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "फादर, यामुळे शेतकऱ्याला खरंच जास्त पैसे मिळतात का?" आम्ही पटकन "हो" म्हणालो. नंतर वाटले, उत्तर घाईचे झाले.

न्याय्य व्यापाराचा हा पहिला शिक्का 1988 साली नेदरलँड्समध्ये सुरू झाला. मेक्सिकोतील कॉफी उत्पादक आदिवासींमध्ये राहणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हान डर होफ यांचा त्यात मोठा वाटा होता. मदत नको, रास्त भाव हवा, अशी तेथील शेतकऱ्यांची मागणी होती. त्यामुळे या व्यवस्थेत एक किमान भाव ठरलेला असतो आणि त्याशिवाय शेतकऱ्यांच्या गटाला वेगळी रक्कम मिळते. तिचा विनियोग गटाच्या सभेत ठरतो. कोकोसाठी 2019 साली हा किमान भाव टनाला 2,400 डॉलर आणि वरची रक्कम 240 डॉलर ठरली. बाजार कोसळला की हा किमान भाव आधार देतो. 2024 मध्ये कोको 10,000 डॉलरच्या पुढे गेला, तेव्हा मात्र त्याचा उपयोग उरला नाही.

कोको आपल्याला दूरचा, कापूस जवळचा. पनवेलवरून न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांत कापसाच्या गाठी आणि तयार कपडेही असतात. विदर्भ, तेलंगण व ओडिशातील लहान कापूस उत्पादकांसाठी 2004 पासून चेतना ऑरगॅनिक ही संघटना काम करीत आली आहे. तिचा कापूस सेंद्रिय आणि फेअरट्रेड म्हणून परदेशी गेला आहे. एकट्याने व्यापाऱ्यापुढे उभे राहण्यापेक्षा गटाने उभे राहणे वेगळे. कोरडवाहू तीन-चार एकरवाल्याला हाच मोठा लाभ, असे आम्हांस वाटते.

पण प्रमाणपत्र कापूस विकत घेत नाही. नियम साऱ्या पिकाला पाळावे लागतात. जास्तीचे पैसे मात्र ग्राहक त्या शिक्क्याखाली जेवढा माल उचलतो तेवढ्यालाच मिळतात. उरलेला माल नेहमीच्याच बाजारात जातो. तपासणीचा खर्च असतो तो वेगळाच.

आणखी एक गोष्ट बोचते. कापूस वेचणाऱ्या बहुतेक स्त्रिया, आणि त्यांची मजुरी किलोवर. लंडनच्या सोआस संस्थेने 2014 साली इथिओपिया व युगांडाचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रमाणित संस्था असलेल्या भागांतही शेतमजुरांची स्थिती चांगली नव्हती. कित्येक ठिकाणी मजुरी इतरांपेक्षा कमीच आढळली. कोस्टारिकातील कॉफीच्या अभ्यासातही लाभ मुख्यतः मळेवाल्यांना झाल्याचे दिसले. विदर्भातला मालक स्वतःच कर्जात असतो, हे खरे. म्हणून त्याला दोष देणे सोपे नाही. तरी वेचणारीचा वाटा कुठे, हा प्रश्न राहतोच.

दोघांनी कबूल केले म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही, असे पोप तेरावे लिओ यांनी 1891 साली शिकवले. हेच तत्त्व पोप सहावे पॉल यांनी 1967 मध्ये देशादेशांतील व्यापाराला लावले. शिक्क्याने दुसऱ्या शिकवणीकडे पाऊल टाकले आहे. पहिलीकडे अजून पुरते नाही. सेमिनरीत आम्हांला 'आवश्यक अट' आणि 'पुरेशी अट' यांतला फरक घोकून घेत असत. तो फरक वर्गातल्या मुलीपुढे वेळेवर आठवला नाही, एवढेच!

येत्या रविवारी तिला सांगणार आहोत: "हो, काहींना, काही मालावर."

या आठवड्याच्या समूह-बैठकीत दोन प्रश्न घ्यावेत. आपल्या घरी कामाला येणाऱ्या ताईंची मजुरी शेवटची कधी वाढली? आणि ती किती असावी हे कोणी ठरवले, त्यांनी की आपण?