भिंतीतलं दुखणं

खर्ड्याच्या किल्ल्याच्या दरवाजाशी, तटाच्या सावलीत मामा आणि भाची बसले आहेत. मामा इतिहासाचे निवृत्त शिक्षक, वय एकसष्ट. भाची पुण्यात रेडिओलॉजिस्ट, दोन दिवसांसाठी आजोळी आलेली. मामांच्या मांडीवर सीटी स्कॅनचं मोठं पाकीट आहे.

मामा: आधी एवढं सांग, एकशे अडतीस म्हणजे पास की नापास?

भाची: मामा, या परीक्षेत शून्य मिळवणारा पहिला येतो. हा कॅल्शियम स्कोअर आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांच्या भिंतीत चरबी साठते, आणि कालांतराने तिच्यावर चुना धरतो. सीटीत तो हाडासारखा पांढरा दिसतो. तो मोजायची रीत १९९० साली अमेरिकेत डॉ. आर्थर अगॅटस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. आजही तीच चालते.

मामा: मोजतात कसं?

भाची: चौथीतला पोरगाही मांडेल असं गणित आहे. सीटी छातीचे पातळ काप दाखवतं. चित्रातल्या प्रत्येक बिंदूला घनतेचा आकडा असतो, पाण्याचा शून्य. १३० किंवा त्याहून जास्त आला की तो चुना धरायचा. आता तुमचा हा ठिपका बघा, डाव्या बाजूच्या पुढच्या धमनीतला. क्षेत्रफळ ५ चौरस मिलिमीटर, सर्वांत जास्त घनता २५०. घनता दोनशेच्या खाली असती तर एकाने गुणलं असतं. दोनशेच्या घरात दोनाने, तीनशेच्या घरात तीनाने, चारशेपासून पुढे चाराने. म्हणून पाच दुणे दहा. असे सगळ्या कापांतले ठिपके मिळून १३८.

मामा: मग ब्लॉकेज किती टक्के?

भाची: इथंच बहुतेकांचा घोळ होतो. हा आकडा वाट किती अडली ते सांगत नाही, भिंतीत आजार किती पसरलाय ते सांगतो. शंभरच्या आत सौम्य, शंभर ते चारशे मध्यम, त्यापुढे जास्त. तुम्ही मधल्या घरात आहात.

मामा: माझा शाळेतला सोबती आठवतो ना तुला? पट्ट्यावर चालवून ती टीएमटी केली, नॉर्मल आली. त्यानं आम्हाला चहा पाजला. दोन महिन्यांत हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. तपासणी खोटी होती का?

भाची: खोटी नव्हती, तिचा प्रश्न वेगळा होता. श्रम पडले तर रक्त पुरतंय का, एवढंच टीएमटी विचारते. वाट साधारण ७० टक्के अरुंद होईपर्यंत ती बहुधा गप्प असते. आणि धमनी मोठी लबाड. १९८७ साली अमेरिकेतल्या डॉ. सेमूर ग्लागोव्ह यांनी दाखवलं, की भिंतीत चरबी साठू लागली की धमनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट मोकळी ठेवते. धमनीच्या गोलाचा सुमारे ४० टक्के भाग चरबीने भरेपर्यंत हे सोंग चालतं.

मामा: आणि झटका?

भाची: चरबीच्या गाठीवरची साल पातळ असेल तर ती एक दिवस फाटते. तिथं रक्त गोठतं आणि वाट काही मिनिटांत बंद. आदल्या दिवशी त्याच गाठीने निम्मी वाटही अडवलेली नसते, असं पुष्कळदा होतं.

मामा: म्हणजे १७९५ चंच झालं की! ११ मार्चला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली आणि निजाम याच किल्ल्यात येऊन बसला. तट शाबूत होते. मराठ्यांनी वेढा घालून रसद तोडली, तेव्हा तहाला आला.

भाची: हृदयाचा स्नायूही असाच धडधाकट असतो, मामा. रसद तुटते म्हणून मरतो.

मामा: मग कुठली गाठ फुटणार, हे तुझं यंत्र आधी सांगेल का?

भाची: खुणा सांगेल. शिरेतून आयोडीनचं औषध सोडून सीटी अँजिओ करतात, त्यात आतली वाट आणि भिंत दोन्ही दिसतात. मऊ, कमी घनतेची चरबी, बाहेर फुगलेली भिंत, चुन्याचे बारीक विखुरलेले ठिपके, या वाईट खुणा. भक्कम, एकसंध चुना त्यामानाने बरा. पण भविष्य सांगायला गेलं की आमचे हात बांधले जातात. २०११ साली ‘प्रॉस्पेक्ट’ नावाचा अभ्यास आला. झटका येऊन गेलेल्या ६९७ रुग्णांच्या धमन्यांत ध्वनिलहरींची बारीक नळी घालून भिंती आतून पाहिल्या, आणि पुढची सुमारे तीन वर्षं लक्ष ठेवलं. पुन्हा त्रास झाला त्यातला जवळजवळ निम्मा अशा जागांमुळे, ज्यांच्यावर उपचार झालेच नव्हते. पहिल्या अँजिओग्राफीत त्यातल्या बहुतेक किरकोळ दिसल्या होत्या.

मामा: पण खुणा तर कळल्या ना?

भाची: कळल्या. तरी त्या अभ्यासाने धरलेल्या, सीटीच्या खुणांहून वेगळ्या अशा तिन्ही मुख्य वाईट खुणा असलेल्या गाठींपैकी १८ टक्क्यांच्या आसपास गाठींनीच तीन वर्षांत त्रास दिला. बाकीच्या तशाच बसून राहिल्या. म्हणून चित्र बघून ‘ही गाठ अमुक महिन्यात फुटेल’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माणूस किती धोक्यात आहे ते चित्र सांगतं. तारीख सांगत नाही.

मामा: तारीख कळत नाही, तर एवढा खटाटोप कशाला?

भाची: स्कॉटलंडमध्ये ४,१४६ माणसांवर हेच तपासलं. सगळ्यांची छातीत दुखतं अशी तक्रार होती. निम्म्यांना नेहमीची तपासणी, निम्म्यांना त्याच्या जोडीला सीटी अँजिओ. पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका, असं पहिल्या गटात ३.९ टक्के लोकांना झालं, सीटीच्या गटात २.३ टक्के. २०१८ साली हे छापून आलं. सीटीच्या गटात स्टेंट आणि बायपास काही जास्त झाले नव्हते. भिंतीतला आजार दिसला म्हणून जास्त लोकांना वेळेत गोळ्या सुरू झाल्या, फरक पडला तो मुख्यतः त्यामुळे.

मामा: मलाही कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिलीय. ती घेतली की १३८ चे शंभर होतील?

भाची: उलट वाढूही शकतील! गोळीने मऊ चरबी आटते आणि गाठ टणक होते. टणक झाली की चुना जास्त दिसतो, स्कोअर चढतो, पण साल फाटायची भीती कमी होते. म्हणून गोळी चालू असताना दर वर्षी स्कोअर काढत बसू नका. आणि कोणाचा शून्य आला तरी त्याने तंबाखूची पुडी उघडू नये. मऊ चरबी या मोजणीत दिसत नाही.

मामा: पण मला हे व्हावंच का? अंगावर मांस नाही माझ्या.

भाची: पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा फोटो तुम्हाला दाखवायला हवा. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला होता. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. उंची-वजनाचं प्रमाण, म्हणजे बीएमआय, दोघांचा २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपली काटकुळी माणसं आतून अशी असतात. जगातल्या ५२ देशांच्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं लवकर आलेला दिसला.

मामा: मग गावातल्या सगळ्यांनाच स्कॅनला पाठवू?

भाची: अजिबात नको. ज्याचा धोका आधीच उघड दिसतोय, त्याला गोळी लागणारच. तरण्याताठ्या, निरोगी माणसाला स्कॅनचा उपयोग थोडा. गोळी द्यावी की नको अशा काठावरच्या माणसासाठी तो आहे. १९७९ साली सीटीच्या शोधासाठी हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी मॅगसेसे पुरस्कार कोणाला मिळाला?

मामा: आपल्या जामखेडच्या रजनीकांत आणि मेबल आरोळे यांना! १९७० पासून त्यांनी गावोगावच्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या बायकांना आरोग्यसेविका केलं.

भाची: त्या बायकांच्या हातातला बीपीचा पट्टा माझ्या सीटीच्या आधी येतो. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू, ही चार उत्तरं हातात असल्याशिवाय स्कॅनचा कागद वाचताच येत नाही.

मामा: आणि उद्या छातीत दुखलंच, तर तुझ्याकडे पुण्याला येऊ?

भाची: माझ्याकडे मुळीच येऊ नका. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटलं, घाम फुटला, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, तर त्या वेळी कॅल्शियम स्कोअर काढायचा नसतो. पित्त म्हणून सोडा पीत बसायचं नाही, मोटारसायकलवर स्वतः जायचं नाही. १०८ ला फोन लावायचा आणि जवळच्या दवाखान्यात आधी ईसीजी काढायचा.