डाग खाली, गळती वर

प्रश्न : माझ्याकडे १९९७ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. सोसायटीत ती उभी असते तिथे रोज सकाळी तेलाचे आठ-दहा थेंब पडलेले दिसतात. महिन्याला साधारण अर्धा लिटर इंजिन ऑइल वरून घालावं लागतं. आमचा मेकॅनिक म्हणतो, मागचं क्रँक सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. दुसरा म्हणतो, जाड तेल घाला, नाहीतर गळती थांबवणारं औषध मिळतं त्याची बाटली ओता. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सध्या कुणाचंच नको. आधी हिशेब करू. एका मिलिलिटरमध्ये तेलाचे वीसहून जास्त थेंब बसतात. म्हणजे रात्रभरात पडणारे दहा थेंब धरले तर ते फार तर अर्धा मिलिलिटर; महिन्याचे पंधरा. तुम्ही ओतताय पाचशे. उरलेलं जवळजवळ सगळं तेल तुमच्या फरशीवर येतच नाही! तेव्हा शेजारी ज्या डागावरून तुमच्याशी भांडतात तो या प्रकरणातला सगळ्यात किरकोळ भाग आहे.

मग ते जातं कुठे? एकतर गाडी चालू असताना गळतं, नाहीतर जळतं. चालू इंजिनात तेल तापून पातळ झालेलं असतं, पंप ते दाबाने फिरवत असतो. उभ्या गाडीत जिथून थेंबही येत नाही तिथून तेव्हा ओघळ लागू शकतो. महामार्गावरून थोडं लांब जाऊन या आणि गाडीचा पोटाकडचा भाग बघा. चालताना गळत असेल तर चेंबरपासून मागे सायलेन्सरच्या नळीपर्यंत तेल आणि धुळीचा चिकट थर दिसेल. पोट कोरडं असेल, तर तेल जळतंय. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी पहिल्यांदा निळसर धूर सोडला आणि मग ती साफ झाली, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. चढाला जोर देताना मागे निळा धूर दिसत राहिला, तर रिंगा. जळणाऱ्या तेलावर बाहेरून कितीही पॅकिंग बदललीत तरी डिपस्टिक खालीच जाणार.

तुमच्या गाडीत दोन्ही थोडंथोडं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. या वयाच्या गाडीला ते शोभतंही. पण गळतीचं आधी बघू, कारण ती घरी शोधता येते.

तेल खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणून जिथे थेंब लोंबकळतो तिथे गळती नसते. ती असते त्याच्या वर आणि पुढे. तुमच्या गाडीत तर एक खास चकवा आहे. कार्बोरेटरच्या मारुती ८०० मध्ये डिस्ट्रिब्युटर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसतो आणि कॅमशाफ्टवर फिरतो. त्याची ओ-रिंग कडक झाली, की तिथून झिरपलेलं तेल हेडच्या कडेने उतरत बरोबर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर येतं आणि तिथून ठिबकतं. खालून बघणाऱ्याला ते हुबेहूब मागच्या क्रँक सीलसारखं दिसतं. गिअरबॉक्स उतरवून, नवं सील घालून, सगळं जोडून गाडी बाहेर काढायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब. ओ-रिंग वर आपल्या जागी शाबूत!

तर आधी इंजिन धुवा. गाडी पूर्ण गार झालेली हवी. डिस्ट्रिब्युटर, कॉइल आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्या. डिझेल किंवा दुकानात मिळणारं डिग्रीझर आणि जुना पेंटचा ब्रश एवढ्यावर काम होतं. पेट्रोल अजिबात वापरू नका. धुऊन, नीट वाळवून, संशय असेल तिथे चक्क अंगाला लावायची पावडर भुरभुरा. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्यावर काळी रेघ उमटते आणि तिचं वरचं टोक म्हणजे उगम. काही गॅरेजमध्ये तेलात चमकणारा रंग टाकून जांभळ्या दिव्याखाली बघतात. तेही उत्तम, पण पावडर स्वस्त.

हे तेल इंजिनचंच आहे ना, हेही त्याच वेळी ठरवून टाका. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, ब्रेक ऑइल पातळ, फिकट असतं. पुठ्ठा पसरून त्यावर पुढच्या चाकांच्या खुणा करून ठेवल्या, की थेंब कशाखाली पडले ते सकाळी कळतं.

शोध वरून खाली करायचा. पहिलं टॅपेट कव्हरचं पॅकिंग. उष्णतेने रबर कुकरच्या जुन्या रिंगसारखं कडक, चपटं होतं आणि कडेने तेल सोडतं. ते एक्झॉस्टच्या बाजूला पडलं तर जळका वास थेट गाडीत येतो. तो येत असेल तर हे काम लांबवू नका, गरम लोखंडावर तेल नको. पॅकिंग स्वस्त असतं आणि काम सोपं. मात्र पाना घेऊन जोर लावणारे लोक कव्हरचा पत्राच वाकवतात आणि मग नवं पॅकिंगही गळतं. नट थोडे थोडे, आळीपाळीने, हलक्या हाताने आवळायचे. मग डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग. मग ऑइल प्रेशरचा स्विच, ज्याच्या वायरच्या टोकाशी तेल दिसलं तर तो आतून फुटलाय असं समजा. मग ऑइल फिल्टर. गळती सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झाली असेल, तर मी सरळ फिल्टरपासूनच सुरुवात करीन: जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहतं, त्यावर नवा फिल्टर चढवला जातो आणि दोन रबरांमधून तेल धो धो जाऊ शकतं. ड्रेन बोल्टचा वायसरही तेव्हाच बघावा.

हे सगळं कोरडं निघालं तर चेंबरचा सांधा आणि क्रँकची सीलं. चेंबरला लिक्विड गॅसकेट लावताना आपल्याकडे जरा सढळ हात चालतो. जास्तीचा लगदा आत दाबला जातो, तुटून तेलात पडतो आणि पंपाच्या जाळीत अडकतो. दोन्ही पृष्ठभाग खरवडून, पुसून कोरडे करायचे, एकसारखी बारीक रेघ द्यायची आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ द्यायचा. हा शेवटचा भाग कुणालाच जमत नाही, कारण गिऱ्हाईक स्टुलावर बसलेलं असतं.

पुढचं क्रँक सील आणि कॅमचं सील टायमिंग बेल्टच्या मागे असतात. तिथून गळत असेल तर थांबू नका. तेलाने बेल्टचं रबर खराब होतं. बेल्टबरोबर दोन्ही सीलं बदलून घ्या. मागचं सील खरोखरच गेलं असेल, तरी क्लच अजून चांगला असेल आणि गळती थेंबांचीच असेल तर मी क्लच प्लेट बदलायच्या वेळेपर्यंत थांबेन. गिअरबॉक्स एकदाच उतरावा. क्लच घसरू लागला तर मात्र तेल प्लेटवर गेलंय. नवं सील बसवताना शाफ्टवर जुन्याने घासून पाडलेली चर आहे का, हे बोट फिरवून बघायला सांगा. चर असेल तर सील किंचित पुढे-मागे बसवावं लागतं.

आणि एक गोष्ट, जी बहुतेक वेळा कुणी बघतच नाही. इंजिनच्या पोटात पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमीच निसटत असतो. तो ब्रीदरच्या नळीतून बाहेर काढला जातो. ती नळी मळाने तुंबली की आतला दाब वाढतो आणि तेल जिथे वाट मिळेल तिथून निघतं, नव्या सीलांतूनही. नळी काढून फुंकून बघा. एअर फिल्टरच्या डब्यात तेल साचलेलं दिसलं तर रिंगांचा संशय बळावतो.

जाड तेलाने थेंब कमी होतील, कारण जाड तेल हळू झिरपतं. भोक तेवढंच राहतं. बाटलीतलं औषध रबर मऊ करून फुगवतं. कडक झालेल्या सीलवर ते काही महिने चालतं, चेंबरच्या सांध्यावर किंवा वाकलेल्या कव्हरवर काहीच करत नाही. गाडी विकायच्या आधी ते टाकणारे लोक आहेत, एवढं सेकंडहँड गाडी बघताना लक्षात ठेवा. तुम्ही तूर्त डिपस्टिक दर आठवड्याला बघा, आणि चालताना तेलाचा लाल दिवा लागला तर घर दोन मिनिटांवर असलं तरी इंजिन तिथेच बंद करा.

प्रश्न : वडिलांची जुनी अँबेसेडर आहे, १४८९ सीसी पेट्रोल. मागून तेल ठिबकतं, आणि मागचं सील बदला म्हटलं की मेकॅनिक हसतो. का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कारण त्या इंजिनाला मागे रबरी सीलच नाही. ते मूळचं ब्रिटिश बीएमसी इंजिन. क्रँकच्या मागच्या टोकाला उलटे आटे कापलेले असतात आणि क्रँक फिरताना ते तेल परत आत ढकलतात. इंजिन बंद झालं की ढकलणारं कुणी नसतं, त्यामुळे थोडं ठिबकणं त्याच्या रचनेतच आहे. गळती अचानक वाढली तर ब्रीदर आणि बेअरिंगची झीज तपासून घ्या. एरवी गाडी चढावर नाक वर करून लावू नका, तेल मागे जमतं. खाली पत्र्याचा ट्रे ठेवा, आणि ट्रेमधलं तेल गटारात न ओतता गॅरेजमध्ये नेऊन द्या.