झिजलेली अक्षरे फोटोत कशी उमटतील?

प्रश्न : सुरतच्या जुन्या इंग्रज दफनभूमीत फोटो काढले, पण शिळांवरचा मजकूर वाचता येत नाही. खडूची पूड चोळली की अक्षरे उठून दिसतात आणि पहिल्या पावसात ती धुऊनही जाते, असे मित्र म्हणतो. तसे करू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कृपा करून नको. पूड दगडाच्या बारीक छिद्रांत बसते, पावसाने पूर्ण निघत नाही आणि चोळताना सुटत आलेला पापुद्रा हातात येतो. तारेचा ब्रशही नकोच. शिवाय हे संरक्षित स्मारक आहे. शिळेला काही फासल्यास कायदेशीर कारवाई होऊ शकते.

तुमचे फोटो बिघडले ते समोरून पडलेल्या उजेडामुळे. तिरपा उजेड घ्या. सकाळी किंवा उन्हे कलल्यावर जा. ऊन शिळेला घासून जाऊ लागले की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि अक्षरे आपोआप वर येतात. सावलीतल्या शिळेसाठी सोबत्याला टॉर्च एका कडेला, दगडालगत धरायला सांगा. फ्लॅश बंद, कॅमेरा शिळेला समांतर. ट्रायपॉड वापरायचा असेल, तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी विचारून घ्या.

याच दफनभूमीतल्या ऑक्झेंडन बंधूंच्या घुमटाकडे मात्र सावकाश पाहा. त्यांतला जॉर्ज १६६४ साली, शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा, तिथल्या इंग्रज वखारीचा प्रमुख होता. १६६९ मध्ये तो वारला. आधी अख्ख्या वास्तूचा एक फोटो घ्या, मग लेखाचे तुकड्यातुकड्याने. पुढे जुळवताना तोच कामी येतो.