हिरवी खूण पडद्यावर दिसते, कागदावर नाही

वडील गेल्यावर घरपट्टीवर आईचं नाव लावायचं होतं. अर्ज ऑनलाइन भरला. मृत्यूचा दाखला आणि सातबारा, दोन्ही डिजिटल सहीचे, जोडले. तरी कार्यालयातून निरोप आला, ‘सगळ्याच्या प्रिंट काढून दोन सेट आणून द्या.’

दिले. खिडकीवरच्या साहेबांनी सातबाऱ्याच्या सहीवर बोट ठेवलं. तिथे पिवळं प्रश्नचिन्ह छापलं होतं. ‘सही व्हेरिफाय दिसत नाही. तलाठ्याचा शिक्का मारून आणा.’

डिजिटल सही फाइलच्या आत असते. सहीमागच्या प्रमाणपत्राची ओळख संगणकाला नसेल, तर पीडीएफ उघडल्यावर प्रश्नचिन्ह दिसतं. सहीवर क्लिक करून ते प्रमाणपत्र विश्वासार्ह म्हणून नोंदवलं की हिरवी खूण येते. प्रिंटवर मात्र त्या वेळी जे चिन्ह असेल तेच उमटतं आणि कागदावरून सहीची खातरजमा करता येत नाही. म्हणजे कागद मागून कार्यालय स्वतःच पुरावा कमजोर करून घेतं, शिवाय फाइल जाड होते ती वेगळीच.

आमच्या भिवंडीत याची झळ कोणाला बसते, तर यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याला. एका शिक्क्यासाठी त्याची पाळी बुडते. पावसात पाणी भरणाऱ्या या शहरात तळमजल्यावरच्या खोलीत जपलेले कागद भिजतात, ते आणखी. ऑनलाइन सोयीची सगळ्यात जास्त गरज याच माणसांना आहे.

म्हणून सांगतो. मूळ पीडीएफ मोबाइलमध्ये आणि ईमेलवर, दोन्हीकडे ठेवा. तिचा फोटो काढून किंवा प्रिंट पुन्हा स्कॅन करून जोडू नका, त्यात सही उरत नाही. डिजिटल सातबाऱ्यावर सोळा अंकी पडताळणी क्रमांक असतो. तो राज्य सरकारच्या ‘महाभूमी’ संकेतस्थळावर खिडकीवरच टाकून बघायची विनंती करा. आमचं काम अखेर तसंच मार्गी लागलं. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 पासून डिजिटल सहीला मान्यता आहे, आणि साक्षांकित प्रतींऐवजी स्वयंसाक्षांकित प्रती घ्याव्यात असा राज्याचा शासन निर्णय 9 मार्च 2015 चा आहे. हे आवाज न चढवता सांगा. समोरच्याला बहुतेक वेळा कोणी शिकवलेलंच नसतं. तोच कर्मचारी पुढच्या माणसाला अडवणार नाही, एवढं झालं तरी पुष्कळ.

अधिकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे की संगणक देताना पडताळणी कशी करायची हेही खिडकीवरच्या माणसाला शिकवा, आणि ऑनलाइन आलेल्या अर्जाची प्रिंट मागायला लेखी मनाई करा.

तरीही अडलं, तर अर्जाचा क्रमांक जपून ठेवा आणि नकाराचं कारण लेखी मागा. मालमत्ता हस्तांतरणाची नोंद लोकसेवा हक्क कायदा 2015 खालच्या सेवांमध्ये आहे. अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करा.