संरक्षणविषयक कायदे आणि खर्चाचा अंदाज

संरक्षणविषयक एखादा कायदा संमत करताना त्याच्या आवश्यकतेची चर्चा होते. मात्र त्याचा भार राज्याच्या तिजोरीवर किती वर्षे आणि किती प्रमाणात पडेल, हा प्रश्न अनेकदा मागे पडतो. खर्चाचा अंदाज ही म्हणूनच केवळ लेखाविषयक बाब नसून संसदीय नियंत्रणाचे ते एक साधन होय.

अमेरिकेतील व्यवस्था

अमेरिकेत 1974 च्या कायद्यान्वये काँग्रेसचे स्वतंत्र, पक्षनिरपेक्ष अर्थसंकल्प कार्यालय स्थापन झाले. समित्यांनी संमत केलेल्या विधेयकांच्या खर्चाचा अंदाज हे कार्यालय तयार करते. तेथील वार्षिक राष्ट्रीय संरक्षण मंजुरी कायदा हे त्याचे ठळक उदाहरण होय. हा कायदा कार्यक्रमांना व रकमांना मंजुरी देतो; प्रत्यक्ष निधी मात्र विनियोजन कायद्यातूनच मिळतो. त्यामुळे खर्चाचे दोन प्रकार वेगळे मोजले जातात :

1) ऐच्छिक खर्च : शस्त्रखरेदी, सैनिकांचे वेतन, बांधकाम इत्यादी. हा खर्च पुढील विनियोजनावर अवलंबून असतो.
2) अनिवार्य खर्च : निवृत्तिवेतनासारखे हक्क. कायद्यात बदल होताच हा खर्च दरवर्षीच्या विनियोजनाची वाट न पाहता वाढतो. म्हणून त्याचा अंदाज साधारणतः दहा वर्षांसाठी काढला जातो.

मंजूर रक्कम एकाच वर्षात खर्च होत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. वेतनाची रक्कम बहुतांशी त्याच वर्षी खर्च होते. युद्धनौकेची रक्कम मात्र बांधणीच्या गतीनुसार अनेक वर्षे खर्च होत राहते.

भारतातील तरतुदी

राज्यघटनेच्या अनुच्छेद 117(3) नुसार, ज्या विधेयकामुळे भारताच्या संचित निधीतून खर्च करावा लागेल, ते राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय सभागृहाला संमत करता येत नाही. लोकसभेच्या कामकाज नियम 69 नुसार अशा विधेयकासोबत वित्तीय ज्ञापन जोडणे आवश्यक असते व त्यात आवर्ती आणि अनावर्ती खर्चाचा अंदाज द्यावा लागतो. तथापि, हे ज्ञापन विधेयक मांडणाऱ्या मंत्रालयाकडूनच येते. अंदाज स्वतंत्रपणे तपासणारे कार्यालय भारतीय संसदेकडे नाही.

'समान पद, समान निवृत्तिवेतन'

संरक्षण क्षेत्रातील काही मोठे आर्थिक निर्णय विधेयकाऐवजी शासकीय आदेशाने होतात. त्यांना वित्तीय ज्ञापनाचा नियम लागू होत नाही. समान पदावर समान सेवा केलेल्या माजी सैनिकांना, निवृत्तीची तारीख कोणतीही असो, समान निवृत्तिवेतन देणारी योजना या प्रकारची आहे. फेब्रुवारी 2014 च्या अंतरिम अर्थसंकल्पात तिच्यासाठी 500 कोटी रुपयांची तरतूद झाली होती. सप्टेंबर 2015 मध्ये योजना जाहीर करताना शासनाने वार्षिक भार 8 ते 10 हजार कोटी रुपये असल्याचे सांगितले. योजना 1 जुलै 2014 पासून लागू झाली आणि दर पाच वर्षांनी फेरनिश्चिती करण्याचे ठरले.

डिसेंबर 2022 मध्ये मंजूर झालेल्या फेरनिश्चितीने वार्षिक खर्चात सुमारे 8,450 कोटी रुपयांची भर पडली. हा आकडा 31 टक्के महागाई भत्ता गृहीत धरून काढलेला होता. जुलै 2019 ते जून 2022 या तीन वर्षांची थकबाकी सुमारे 23,638 कोटी रुपये होती, म्हणजे वर्षाला सरासरी 7,900 कोटींहून किंचित कमी. ही तफावत चुकीची नव्हे. आधीच्या दोन वर्षांत भत्त्याचा दर 17 टक्के धरलेला होता.

यावरून असे दिसते की, लाभार्थींची संख्या, प्रत्येकामागील वाढ, महागाईचा दर आणि कालावधी या चार गृहीतकांवर संपूर्ण अंदाज उभा असतो. आकडा जाहीर करताना ही गृहीतकेही जाहीर झाली, तरच संसदेला त्यांची तपासणी करता येते. सैनिकांना दिलेले वचन पाळले जाण्यासाठीही त्याची किंमत आधी ठाऊक असणे आवश्यक ठरते.