दारू सोडलेल्या नवऱ्याची औषधे व त्याची पत्नी

एखाद्या गृहस्थाने दारू सोडली म्हणजे सर्व गावास आनंद होतो, व तो होणे योग्यच आहे. परंतु तो इस्पितळातून घरी येतो तेव्हा त्याच्याजवळ डॉक्टरांची चिठ्ठी व गोळ्यांची पिशवी असते, आणि त्या पिशवीचा भार बहुधा त्याच्या पत्नीवर येऊन पडतो. कोणती गोळी कशासाठी आहे, ती किती दिवस द्यावयाची, हे तिला कोणी नीटसे समजाविलेले नसते. मग ती शेजारणीस विचारते, अथवा उपदेशकांस विचारते. म्हणून उपदेशक बंधूंनी व अशा भगिनींनी हा विषय थोडा अभ्यासावा असे आम्हास वाटते.

पहिला प्रश्न बहुतेक सर्वांचा एकच असतो : “दारू सुटली, आता गोळ्यांचे व्यसन लागणार काय?” या प्रश्नास एका शब्दाने उत्तर देता येत नाही, कारण पिशवीतील सर्व गोळ्या एका जातीच्या नसतात.

ज्याने वर्षानुवर्षे रोज दारू घेतली त्याने ती एकाएकी थांबविली म्हणजे काही तासांतच हातपाय कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत कोणाकोणास फेफऱ्यासारखे झटके येतात. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास काहींस भ्रम होऊन नसलेली माणसे व किडे दिसू लागतात. ही अवस्था प्राणघातक होऊ शकते. तिला भूतबाधा समजून रोग्यास खोलीत कोंडून ठेवणारे लोक अजून आहेत, याचे आम्हास फार दुःख वाटते. हे दिवस सुखरूप जावे म्हणून डॉक्टर क्लोर्डायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लोराझेपाम या वर्गातील गोळ्या देतात. त्या प्रथम पुरेशा देऊन मग पायरीपायरीने कमी करीत बहुधा आठवड्या-दीड आठवड्यात बंद करावयाच्या असतात. व्यसनाचे भय आहे ते याच गोळ्यांचे. झोप लागते म्हणून रोगी त्या सोडीत नाही, आणि जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून पुन्हा आणवितो. डायझेपाम, क्लोर्डायझेपॉक्साइड व अल्प्राझोलाम ही औषधे १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ या यादीत आहेत. ती विकताना दुकानदाराने रोग्याचे व डॉक्टरांचे नाव निराळ्या वहीत लिहून ठेवावे असा नियम आहे. नियम चांगला आहे, परंतु तालुक्याच्या बाजारात तो किती पाळला जातो हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. या गोळ्या व दारू एकत्र पोटात गेल्यास श्वास मंद होऊन मृत्यू येऊ शकतो, हेही पत्नीस ठाऊक असावे.

मात्र याच्या उलट चूकही तितकीच घातक आहे. कोणी आवेशाने म्हणतो, “परमेश्वराने दारू सोडविली, आता गोळ्या कशास?” आणि पुष्कळ दिवस चाललेल्या त्या गोळ्या एका दिवसात फेकून देववितो. त्यानेही झटके येतात. असा सल्ला देण्याचा अधिकार कोणाही उपदेशकास नाही, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. कमी करावयाच्या त्या डॉक्टरांनीच कमी कराव्या.

थायमीन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. ते पुष्कळांस क्षुल्लक वाटते व पैसे वाचविण्यासाठी आधी तेच सोडले जाते. दारुड्याच्या शरीरात या सत्त्वाचा दुष्काळ असतो, आणि त्यामुळे मेंदूस कायमची इजा होऊन स्मरण जाऊ शकते. आपल्याकडे अशक्तपणा आला की “सलाईन लावा” हा आग्रह असतो. परंतु अशा रोग्यास थायमीन न देता ग्लुकोज चढविल्यास तीच इजा ओढवू शकते. म्हणून नव्या दवाखान्यात गेल्यास पत्नीने प्रथमच सांगावे की, याने नुकतीच दारू सोडली आहे. लाजेने हे लपविले जाते, व लपविण्याची किंमत रोगी भरतो.

आता डायसल्फिरामविषयी अधिक विस्ताराने लिहिणे जरूर आहे. १९४८ साली कोपनहेगन येथील हाल्ड व याकोबसेन या संशोधकांनी हे औषध दारूच्या रोग्यांसाठी पुढे आणिले. ते जंतांवरील उपाय शोधीत होते, व ते औषध स्वतः घेऊन पाहिल्यावर मद्य घेताच त्यांस त्रास झाला. दारू शरीरात पचताना मध्येच एक विषारी पदार्थ तयार होतो. हे औषध त्याचे पुढील पचन अडविते. मग चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकारी येते, रक्तदाब उतरतो. गोळी बंद केल्यावरही सुमारे दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो.

या औषधाने व्यसन लागत नाही. परंतु ते कुंपण आहे, आणि कुंपण कोठे आहे हे ज्याचे त्यास ठाऊक पाहिजे. “रोग्याच्या नकळत दारू सोडवा” अशा जाहिराती वर्तमानपत्रांत येतात, आणि कित्येक त्रासलेल्या भगिनी अशी पूड भाजीत किंवा चहात कालवितात. त्यांचे दुःख आम्ही जाणतो. तरी हे कृत्य करू नये. पुडीत काय आहे ते ठाऊक नसते. आणि त्यात डायसल्फिराम असल्यास बेसावध मनुष्य नेहमीप्रमाणे गुत्त्यावर बसतो, व हृदय दुर्बल असल्यास तेथेच प्राणास मुकू शकतो. तो वाचला आणि त्यास कळले, तर त्या घरात पुन्हा कोणी कोणाच्या हातचे निर्भयपणे जेवणार नाही.

राजीखुशीने घेणाऱ्यासही खबरदारी हवी. आपल्या घरोघरी असणारी आसवे व अरिष्टे आंबवून केलेली असतात, व त्यांत सुमारे ५ ते १० टक्के मद्यार्क असतो; खोकल्याच्या कित्येक औषधांतही तो असतो. बाटलीवरील लेख वाचता येत नसल्यास दुकानदारास विचारावे. ज्या मंडळीत प्रभुभोजनास आंबविलेला द्राक्षारस वापरतात तेथे पाळकांनी अशा बंधूस ताजा रस द्यावा. पुष्कळ मंडळ्यांत तो आधीपासूनच आहे. जुलाबावर सर्रास देतात ती मेट्रोनिडाझोल गोळी डायसल्फिरामसोबत घेतल्यास चित्तभ्रम होऊ शकतो. क्षयावरील आयसोनियाझिडशीही तिचा मेळ बसत नाही. डोळे पिवळे दिसू लागले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण क्वचित यकृतास मोठी इजा होते.

नॅल्ट्रेक्सोन दारूची ओढ कमी करते. परंतु ते चालू असता ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक औषधांचा गुण येत नाही. शेतात पडून हाड मोडले तर इस्पितळात हे सांगितलेच पाहिजे.

आता पत्नीविषयी. गोळी कोणी द्यावी? देखरेखीखाली घेतलेले डायसल्फिराम अधिक उपयोगी पडते, असा अनुभव आहे. परंतु देखरेख म्हणजे पाळत नव्हे. दोघांनी डॉक्टरांसमोर ठरवावे की, रोज सकाळी चहाच्या वेळी तो आपल्या हाताने, तिच्यादेखत गोळी घेईल, आणि ती दुसरे काही विचारणार नाही. उशाखाली हात घालणे, पाकिटातील गोळ्या चोरून मोजणे, तोंडाचा वास घेणे, यांनी तिचेच चित्त पोखरते. त्याने एखादे दिवशी नाकारिले तर भांडू नये, डॉक्टरांस कळवावे. जेथे नवराबायकोत फार कटुता आली आहे तेथे हे काम भावाने किंवा विश्वासू शेजाऱ्याने करावे. मार खाल्लेल्या स्त्रीवर तर हा भार मुळीच टाकू नये. झोपेच्या गोळ्या मात्र घरात आठवड्याच्याच ठेवाव्या, व त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी कुलपात असाव्या.

आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. वर्षानुवर्षे रात्री दाराकडे कान लावून जागलेल्या बाईस तो शुद्धीवर घरी असतानाही झोप येत नाही, आणि एके रात्री ती त्याच्याच पाकिटातील अर्धी गोळी घेते. दुसऱ्या आठवड्यात पूर्ण घेते. उपदेशक बंधूंनी तिच्या नवऱ्याची विचारपूस करताना तिचीही करावी. तिने स्वतःच्या नावाने डॉक्टरांस दाखवावे. पुण्याच्या मुक्तांगण केंद्रात, जे १९८६ साली सुरू झाले, रोग्यांच्या पत्नींशीही काम केले जाते. आणि मद्यपींच्या कुटुंबियांची ‘अल-अॅनॉन’ ही संघटना १९५१ पासून आहे. जेथे यांपैकी काही जवळ नाही तेथे १४४१६ हा सरकारी ‘टेलि-मानस’ क्रमांक आहे. तो २०२२ साली सुरू झाला. त्यास पैसे पडत नाहीत, रात्रीही उत्तर मिळते, आणि मराठीत बोलता येते.